सासऱ्यांना डबल, गुणांना इंट

माझं लग्न दोन अर्ध्या गुणांपायी मोडायला निघालं होतं. मोडणारे दुसरे कुणी नाही, माझे सख्खे वडील, आणि त्यांनी ते कॉम्प्युटरवर मोडलं. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "खरंच?" आता खरंच म्हणजे काय! स्वतःच्या लग्नाबद्दल खोटं बोलून मला काय मिळणार आहे?

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, पण माझा जन्म भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या क्वार्टरमधला. तेव्हा पत्त्यावर मध्यप्रदेश लिहायचो. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. बाबा टाऊनशिपच्या क्वार्टर वाटपाच्या ऑफिसात हेड क्लार्क. कोणत्या ग्रेडला किती खोल्या, कुणाला मागे अंगण, कुणाला नाही, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. नंबर लागल्याशिवाय त्यांनी कुणाला एक खोलीही जास्त दिली नाही. स्वतःलाही नाही. आई म्हणायची, "हलवायाच्या घरी उपास." आमच्या स्वयंपाकघरात दोन बायका उभ्या राहिल्या की तिसरीनं दारातून बोलायचं.

आमचं मराठी मंडळ होतं. गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू आणि लग्नं जमवणं ही त्याची कामं. त्यातली पहिली तीन लग्नं जमवण्यासाठीच होती, हे सगळ्यांना माहीत होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मंडळाच्या एका सभासदानं, ज्याचा रसमड्याला छोटा कारखाना होता, नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना मंडळाला देऊन टाकला. देताना म्हणाला, "चलता है." चालतो म्हणजे सुरू होत होता. पुढं काय करायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

बायकांनी त्याला क्रोशाचं झाकण विणलं. खोलीबाहेर चपला काढायचा नियम झाला. दसऱ्याला कुणीतरी पडद्याच्या काचेलाच हळदकुंकू लावलं आणि ते ओल्या फडक्यानं पुसलं, तेव्हापासून त्या मशीनवरचं सगळं जरा गुलाबी दिसायचं. पण त्याच्याकडून काम काय करून घ्यायचं? तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी म्हणून बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "मी शिकतो." रिटायर व्हायला थोडी वर्षं उरलेला माणूस सिव्हिक सेंटरच्या एका क्लासमध्ये संध्याकाळी पोरापोरींत जाऊन बसायला लागला. भाषेचं नाव 'सी'.

"एका अक्षराची भाषा," आई म्हणाली, "मंग शिकाले इतके दिवस कावून लागून राहिले?"

बाबा वेगळ्याच तंद्रीत होते. त्या क्लासचा मास्तर, माझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठा असेल, त्यानं पहिल्याच आठवड्यात त्यांना जिंकलं होतं. मास्तरनं सांगितलं होतं की प्रोग्रॅममध्ये जो कुणी येणार त्याचं नाव आधी, सगळ्यात वर, जाहीर करायचं. नुसतं नाव नाही, त्याचा प्रकारही. पूर्ण आकडा असेल तर इंट. दशांश असेल तर फ्लोट. आणखी मोठा, बारीक दशांश असेल तर डबल. एखादं अक्षर असेल तर कॅर. त्या प्रकाराप्रमाणे मशीन त्याला आत जागा देतं. कॅरला एक घर, इंटला दोन, फ्लोटला चार, डबलला आठ. आणि नाव न सांगता कुणी मध्येच घुसला तर मशीन काम थांबवतं आणि तुमची चूक दाखवतं.

"अवं, हे तं आपलंच ऑफिस आहे!" बाबा जेवताना आईला म्हणाले. घास हातातच होता. "अलॉटमेंटशिवाय कोणी राहूच शकत नाही! आन ग्रेडप्रमाणं घर!"

मास्तर बिचारा सांगत होता, "जैसा माल, वैसा डिब्बा." कुणाला किती द्यायचं हे आत काय ठेवायचंय त्यावरून ठरतं. पण बाबांना ऐकू आलं ते एवढंच की कुणाला दोन घरं आणि कुणाला आठ. आणि कुणाला किती हे ठरवण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली होती. ते कशाला कुणाला विचारतील?

झालं. बाबांनी पत्रिका जुळवायचा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि त्यातल्या मंडळींना मानाप्रमाणे प्रकार वाटले. वरपिता, म्हणजे मुलाचे वडील, सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांच्या वयाला डबल. छप्पन्न वर्षांचा माणूस असला की मशीन छप्पन्न, टिंब आणि पुढं शून्यांची माळ घेऊन बसायचं. मुलाच्या मामाला फ्लोट, कारण मामाला कमी दिलं तर तो लग्नात रुसतो. मुलाच्या वयालाही फ्लोट. मुलाच्या नावाला वीस अक्षरांची ऐसपैस जागा. या लोकांची नावं प्रोग्रॅममध्ये लिहिताना बाबा पुढं 'जी' लावायचे, नुसतं 'वरपिता' लिहायला त्यांचा हात धजेना. मुलीच्या वयाला इंट. पत्रिकेतल्या आठ प्रकारच्या गुणांना आणि त्यांच्या बेरजेलाही इंट, कारण गुण ही काही माणसं नव्हेत, त्यांना कसला मान. आणि सगळ्यात शेवटी मुलीचं नाव. त्याला कॅर. एक अक्षर.

"बाबा," मी म्हटलं, "पोरीचं नाव एका अक्षरात?"

"लग्नानंतर बदलतेच नं. उगाच जागा कावून अडवून ठेवा?"

मी ताटावरून उठले. रागानं उठले ते स्वयंपाकघरात गेले आणि उभ्या उभ्याच जेवले, कारण त्या दिवशी भरीत होतं. पण राग खरा होता. आजही आहे.

ही वाटपाची यादी बाबांनी मंडळाच्या कमिटीसमोर मांडली. अध्यक्ष सेक्टर दहामधले साहेब होते. घरी ते आमच्यासारखंच बोलत, पण मंडळात आले की पुण्याचं मराठी चढवायचे. त्यांनी यादी वाचली, वरपित्याला डबल दिलेलं पाहून मान डोलावली (त्यांना तीन मुलगे होते) आणि ठराव एकमतानं पास झाला. मग बाबांनी भाषण केलं. यापुढं मंडळातली प्रत्येक पत्रिका मशीनमधून जाईल. अठरा गुण जुळले तर हो, अठराच्या खाली नाही. कुणाची ओळख नाही, कुणाचा वशिला नाही. "आन सुरुवात माह्या घरापासून!" टाळ्या पडल्या. मी मागं खुर्च्या मांडत होते. मला वाटलं, भाषणात बोलतात तसं बोलले.

दिवाळीनंतर दुर्गहून स्थळ आलं. रेल्वेतलं घर. मुलाचे वडील गार्ड, मुलगा दुर्गलाच पार्सल ऑफिसात. मुलाची आई नागपूरकडची, आवाज असा की प्लॅटफॉर्मच्या या टोकाहून त्या टोकाला जावा. मी पोहे घेऊन गेले. नेहमीचे प्रश्न झाले. शिकली किती, विणकाम येतं का. मग मुलाच्या आईनं विचारलं, "गाणं येते का बाई?"

"नाही," मी म्हटलं. खरंच येत नाही.

"मले येते," मुलगा म्हणाला. "म्हणू का?"

कुणी हो म्हणायच्या आत त्यानं सुरुवातही केली. एक अख्खं भजन म्हटलं. अहो, इतकं बेसूर मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. सूर कुठं चालला होता, तो कुठं चालला होता! पण डोळे मिटून, मांडीवर ताल धरून, पार शेवटपर्यंत म्हटलं, आणि संपल्यावर म्हणाला, "आता पोहे." मी तोंडावर पदर धरला तरी हसू बाहेर आलंच. मला तो आवडला. स्पष्ट सांगते, तिथल्या तिथे आवडला. हा माणूस मला कधी गप्प बस म्हणणार नाही, असं मला वाटलं, कारण स्वतः गप्प बसणं त्याला जमणारच नव्हतं.

मी हे आईला सांगितलं. बाबांना सांगायचा प्रश्नच नव्हता. आमच्यात मुलीनं बापाला 'मला मुलगा आवडला' म्हणायची पद्धत नव्हती. एरवी मी बाबांशी तासन् तास भांडायचे, पण या एका बाबतीत जिभेला कुलूप.

पत्रिका गुरुजींकडे गेली. गुरुजी कोहक्याला राहायचे, सायकलवर यायचे. त्यांनी बोटांवर मोजलं, पंचांग पाहिलं आणि म्हणाले, "अठरा. काठावर आहे, पण चालते." आईनं त्यांच्या हातावर साखर ठेवली. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि एकटीच हसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाबा मंडळात गेले, पत्रिका मशीनमध्ये घातली आणि कागद घेऊन घरी आले. कागदावर छापलं होतं: गुण १७. विवाह नाही.

"गुरुजी अठरा म्हणाले!" आई म्हणाली.

"गुरुजी बोटावर मोजते. बोट चुकते. मशीन चुकत नाही."

आणि त्याच संध्याकाळी हा हरिश्चंद्राचा अवतार लुना काढून दुर्गला गेला आणि मुलाकडच्यांना सांगून आला की सतरा निघाले, तेव्हा क्षमा असावी. मुलाची आई म्हणाली, ठीक आहे, राजनांदगावचं एक स्थळ आहे, रविवारी जाऊन येतो. बाबांनी घरी येऊन हे सांगितलं आणि चहा मागितला. चहा! मी कप असा आदळला की कान तुटून बशीत पडला. बाबा म्हणाले, "हात घसरला का?" मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार होते? रविवारी तो दुसऱ्या कुणासमोर बसून डोळे मिटून भजन म्हणणार, आणि ती हसणार, या विचारात मी तो तुटका कान कपाला उलटा लावून बघत बसले.

मग मी एक केलं. आवडतो असं म्हणता येत नव्हतं, पण हिशेब चुकला असं म्हणता येत होतं. सकाळी बाबांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "गुरुजी अठरा म्हणतात, तुम्ही सतरा म्हणता. दोघांनी समोरासमोर बसून मोजा. नाहीतर लोक म्हणतील, मशीनला येत नाही." ही शेवटची गोष्ट बाबांना लागली.

मंडळाच्या खोलीत चपला काढून आम्ही तिघं बसलो. बाबा मशीनसमोर, गुरुजी पंचांग घेऊन खुर्चीवर मांडी घालून, मी मध्ये. बाबांनी प्रोग्रॅममध्ये थोडी भर घालून मशीनला प्रत्येक गुण वेगळा दाखवायला लावलं. नाडीचे गुरुजींचेही आठ, मशीनचेही आठ. गणाचे पाच, पाच. योनीचे दोन, दोन. वर्णाचा एक, एक. वश्य आणि भकूट दोघांकडेही शून्य. इथपर्यंत सगळं मंगलाष्टकांसारखं एका सुरात.

"तारा," गुरुजी म्हणाले. "दीड."

"एक," बाबा म्हणाले.

"दीड."

"गुलाबी दिसून राहिलं, पण एकच आहे," बाबांनी पडदा दाखवला.

"ग्रहमैत्री. अर्धा."

"शून्य."

मी उठून उभी राहिले. "बाबा, अर्धे कुठे गेले?"

"गुण इंटमध्ये आहे. इंटमध्ये पूर्ण आकडाच राहते. दीड घातले तं मशीन एक ठेवते आन अर्धा कापते."

"आन सांगत नाही काही?"

"नाही. चुपचाप कापते."

"आन तो अर्धा जाते कुठी?" गुरुजींनी विचारलं. त्यांना खरंच कुतूहल होतं.

"जात नाही कुठी. राहतच नाही."

"माह्या पंचांगात राहते बापा," गुरुजी म्हणाले आणि पंचांग मिटून छातीशी धरलं.

म्हणजे चूक सापडली. दोन अर्धे मिळून एक, आणि सतरा अधिक एक अठरा. हे दुसरीतल्या पोराला कळतं. गुणांना इंटऐवजी फ्लोट द्यायचं, एका ओळीचं काम. मी म्हटलं, "करा मग." आणि बाबांनी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

"असं कसं करू? अलॉटमेंट कमिटीनं पास केली आहे. इंटले एकदम फ्लोट म्हंजे दोनचे चार. आउट ऑफ टर्न झालं ते. मी सेक्रेटरी आहे, मालक नाही."

"बाबा, रविवारी ते राजनांदगावला जाऊन राहिले!"

"मंग शनिवारी मीटिंग लावतो," बाबा म्हणाले. आणि मला वाटतं त्यांना खरंच वाटत होतं की ते माझ्यासाठी खूप करत आहेत.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये मीटिंग भरली, मशीनही उचलून तिथंच आणलं होतं. नोटिशीवर विषय लिहिला होता: गुणांच्या जागावाढीबाबत. मला वाटलं होतं कमिटीतले पाचसात जण येतील. आले सगळे, कारण बातमी फुटली होती. आणि दुर्गहून मुलाकडचे तिघंही आले. मुलाच्या आईला 'सतरा' हे कुणी मोजलं ते बघायचं होतं. ती पुढच्या रांगेत बसली, तिच्या शेजारी गार्डसाहेब, त्यांच्या शेजारी तो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मशीनच्या क्रोशाच्या झाकणाकडे पाहिलं.

बाबांनी प्रकरण मांडलं, अगदी निःपक्षपातीपणे, जसं काही दुसऱ्याच्या मुलीचं असावं. अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न गुणांचा नाही, तत्त्वाचा आहे. आज गुणांना फ्लोट दिलं, तर उद्या मुलीचं वय फ्लोट मागेल. जागा आणायची कुठून?"

मशीनमध्ये जागा भरपूर होती. अख्खं भिलाई गुणमिलनाला बसलं असतं तरी उरली असती. पण हे तिथं कुणाला खरं वाटणार? त्या हॉलमध्ये असा एक माणूस नव्हता, ज्यानं क्वार्टरसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली नव्हती. जागा ही कुणीतरी सोडली तरच मिळते, हे सगळ्यांच्या हाडात मुरलेलं. एक काका उठून म्हणाले की अर्धा गुण पाहुणा म्हणून शेजारच्या इंटमध्ये ठेवता येईल का. दुसरे म्हणाले, सबलेटिंग होईल, चालणार नाही. एक बाई म्हणाल्या, अर्धा गुण लहान आहे तोवर आईबापाजवळच राहू द्या. ही चर्चा मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे.

"साहेब," तो उभा राहिला, "मले सतराही चालते."

"तुम्हाला चालून चालणार नाही," अध्यक्ष म्हणाले. "बसा."

"मी उभा राहतो," तो म्हणाला आणि शेवटपर्यंत उभाच राहिला.

आता मुलाच्या आईनं तोंड उघडलं. "मले एक सांगा. सगळ्यात मोठी जागा कोणाले आहे?"

"वरपिताजींच्या वयाला," बाबा म्हणाले. "डबल. आठ घरं."

"ह्यांच्या?" तिनं नवऱ्याकडे बोट केलं. "ह्यांच्या वयाले आठ घरं? आमी दुर्गले दोन खोल्यांत सहा जण राहून राहिलो!"

गार्डसाहेब हळूच उठले. बारीक अंगाचा, हिरवीलाल झेंडी दाखवून दाखवून मुका झालेला माणूस. खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि म्हणाले, "मी सोडतो. माहं वय पूर्णांकातच आहे. मले इंट पुरते."

भिलाईत कुणीतरी आपण होऊन मोठी जागा सोडत होतं! बाबांचे डोळे भरून आले. अख्ख्या नोकरीत असा अर्ज त्यांच्याकडे कधी आला नव्हता. अध्यक्षांनी उभं राहून गार्डसाहेबांचे आभार मानले, गुणांना फ्लोट देण्याचा ठराव पास झाला, आणि बाबा तिथंच सगळ्यांसमोर मशीनकडे वळले. वरची ओळ बदलली. मुलाच्या वडिलांना खाली आणलं, गुणांना वर नेलं. पत्रिका घातली. प्रिंटर करकर करायला लागला, आणि मी मनात म्हटलं, अठरा, अठरा, अठरा.

बाबांनी कागद फाडून हातात घेतला. वाचला. पुन्हा वाचला. मग अध्यक्षांनी तो घेतला आणि मोठ्यानं वाचला.

"गुण शून्य. विवाह करावा."

आता मला माहीत आहे काय झालं होतं. लग्नानंतर मी स्वतः ती भाषा शिकले, रागानं शिकले. बाबांनी वर प्रकार बदलला, पण खाली छापायच्या ओळीत 'हा पूर्ण आकडा आहे' अशी खूण होती, ती तशीच राहिली. मशीननं बेरीज बरोबर केली, अठरा आले, निकाल बरोबर दिला. फक्त छापताना भलत्याच खिडकीतून आत डोकावलं, आणि तिथून त्याला शून्य दिसलं. पण त्या दुपारी हे कुणाला ठाऊक?

"हे कोणत्या शास्त्रात बसतं?" अध्यक्ष म्हणाले.

"शून्य नसते निघत," गुरुजी म्हणाले. "वैऱ्याचंही नाही निघत बापा."

"पण करा म्हणते नं मशीन?" मुलाची आई कडाडली. "शून्य तं शून्य! करा!"

"शून्य गुणांवर मंडळ विवाह लावणार नाही," अध्यक्ष म्हणाले. "सभा तहकूब. पुढच्या महिन्यात विचार करू."

"आमी उद्या येतो म्हणून राजनांदगावले शब्द देऊन बसलो," मुलाची आई म्हणाली. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "महिनाभर कसे थांबू?"

लोक उठायला लागले. खुर्च्यांचे आवाज व्हायला लागले. हिशेब चुकला म्हणून भांडले होते, आता भांडायला हिशेबही उरला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला स्वतःचा इतका राग आला की ते पुसलंही नाही.

बाबा आमच्याकडे पाठ करून मशीनसमोर बसले होते. ते खुर्चीतच वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्या अख्ख्या महिन्यात त्यांनी माझ्याकडे तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

"थांबा हो सगळे," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "तुले पोरगा पसंत आहे का?"

सगळ्या मंडळासमोर. अध्यक्षांसमोर, त्याच्या आईसमोर, त्याच्यासमोर. घरात दिवसभर टकळी चालवणारी मी समोरच्या खुर्च्या मोजायला लागले. आईनं मागून पाठीत बोट टोचलं.

"हो," मी म्हटलं. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. "पहिल्या दिवसापासून."

"मंग सांगितलं कावून नाही?"

"तुम्ही विचारलं कावून नाही?"

बाबांनी पडद्याकडे पाहिलं, तिथं वरपासून खालपर्यंत सगळ्यांची नावं होती, सासऱ्यांचं, मामांचं, नाडीचं, गणाचं. ती त्यांनी बोटानं एकेक करत शेवटपर्यंत पाहिली.

"हिच्या 'हो'साठी मी जागाच नाही ठेवली," ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच म्हणाले. मग अध्यक्षांच्या हातातून तो कागद घेतला, चार घड्या घालून खिशात टाकला, आणि अख्ख्या नोकरीत कुणाला नंबर सोडून काही न देणारा तो माणूस व्याह्यांपुढं हात जोडून उभा राहिला.

"सतरा असो, शून्य असो," ते म्हणाले, "माह्या पोरीचा हो आहे. तुमच्या पोराले विचारा."

तो तर उभाच होता.